पासष्ट मीटरवरचा आवाज

सोमवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना जानकीने वायरलेसच्या खोलीचं कुलूप काढायला घेतलं, तेव्हा किल्ली दोनदा भोकाच्या बाजूलाच लागली. खोली सरकारी होती. आत पाऊल टाकायचा अधिकार एकट्या भास्करचा, तिच्या नवऱ्याचा. दारावर तशी पाटीच होती. पण भास्कर शनिवारी बॅटऱ्या भरून आणायला जव्हारला गेला, तो तिकडेच अडकला. त्याच संध्याकाळी घाटात दरड कोसळली, रस्त्यावरच्या दोन मोऱ्या वाहून गेल्या आणि मोखाड्याचा जव्हारशी संबंध तुटला.

आणि इकडे दवाखान्यात सहा मुलं घुसमटत होती.

सगळी जवळच्या पोशेऱ्याची. शुक्रवारी पहिलं पोर आलं तेव्हा मधु कंपाउंडरला वाटलं, भाद्रपदाची हवा, घसा धरला असेल. रविवारी सहावं आलं तेव्हा त्याने त्याचं तोंड उघडून, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. घशात करडा-पांढरा पडदा धरला होता. घटसर्प. मधूच्या कपाटात आयोडीन होतं, हिवतापावरचं कोयनेल होतं, सल्फाच्या गोळ्या होत्या. घटसर्पावरचं सिरम नव्हतं. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा जव्हारहून यायचे. तेही दरडीच्या पलीकडे.

सोमवारी सकाळी मधु जानकीच्या दारात येऊन उभा राहिला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"वहिनी, वायरलेस चालू करता येईल का?"

"हे नाहीत ना इथे."

"ते ठाऊक आहे. तुम्हाला येतं का, ते विचारतोय."

जानकीला येत होतं. पावसाळ्याच्या लांबलचक दुपारी ती भास्करजवळ बसून कानाला हेडफोन लावायची. कुठला खटका ऐकायचा, कुठला बोलायचा, हे त्याने तिला हौसेने दाखवलं होतं. आणि वर बजावलं होतं, 'हे कुणाला सांगू नकोस. माझी नोकरी जाईल.'

"दवाखान्यातल्या रघूला पहाटेच चिठ्ठी देऊन त्र्यंबकच्या वाटेला लावलाय," मधु म्हणाला. "पण हे नाले भरलेले. त्याला जायला दीड दिवस, तिथून कुणी औषध घेऊन यायचं म्हणजे आणखी दीड-दोन. तेवढा वेळ ही पोरं काढायची नाहीत, वहिनी. गोदीला तर आताच श्वास पुरत नाही."

गोदी म्हणजे सुकरीची सहा वर्षांची मुलगी. सुकरी दर गुरुवारी पोशेऱ्याहून रानभाजी घेऊन यायची, गोदी तिच्यासोबत असायची, आणि आईचं बोलणं संपेपर्यंत जानकीच्या मुलीशी, चंपाशी, सागरगोटे खेळायची. याही गुरुवारी खेळली होती. दोघींनी एकाच पेल्यातून पाणी प्यायलेलं जानकीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिने आत जाऊन किल्ली घेतली.

यंत्र जुनं होतं. जव्हारच्या संस्थानाच्या काळातलं. सात वर्षांपूर्वी संस्थान विलीन झालं तेव्हा गाड्या, कपाटं, खुर्च्या यांच्याबरोबर तेही सरकारात जमा झालं, आणि पुढे पुराच्या कामासाठी दर पावसाळ्यात मोखाड्याला येऊ लागलं. त्याच्या तोंडावर एक मोठी तबकडी होती. तबकडीवर चाळीसपासून एकशेवीसपर्यंत आकडे आणि मधोमध इंग्रजीत 'मीटर' असं कोरलेलं. पंच्याहत्तरच्या आकड्यावर भास्करने लाल रंगाची खूण केली होती. काटा त्या खुणेवर असला की सकाळी दहा ते साडेदहा आणि दुपारी चार ते साडेचार पुराचे निरोप घेणारं खालचं केंद्र बोलायचं. बाकी वेळ तिथे कुणी नसायचं.

जानकीने हेडफोन चढवले, ऐकायचा खटका दाबला. छोटा दिवा लागला, पण पिवळसर, मंद. बॅटरीत जीव थोडाच उरला होता. ऐकायला फारसं लागत नाही, बोलायला लागलं की बॅटरी खाते, हे भास्करचं बोलणं तिला आठवलं. म्हणजे बोलायची वेळ एकदाच मिळेल. कदाचित तीही अर्धीच.

दहा वाजले. काटा लाल खुणेवर होता. कानात फक्त सळसळ.

दहा वाजून पाच मिनिटं झाली. रोज या वेळेला एक खरखरीत आवाज गावांची नावं घेत जायचा. आज नाही. तिला वाटलं, तार सुटली असेल. तिने मागे जाऊन पाहिलं, तार जागेवर होती. मग तिची नजर टेबलावरच्या फाइलीकडे गेली. वरच शनिवारच्या टपालाने आलेला इंग्रजी कागद होता. भास्कर निघायच्या गडबडीत तो दाखवत म्हणाला होता, 'सोमवारपासून तबकडीवरची जागा बदलणार आहेत, आल्यावर बघतो.' जानकीचं इंग्रजी बेताचं होतं, पण 'सोमवार' तिला वाचता आला, आणि पुढचा आकडाही: ४.६. आकड्यापुढे मीटर नव्हते. 'मेगासायकल' असा काहीतरी शब्द होता.

मेगासायकल म्हणजे किती? आणि तबकडीवर तर मीटर.

तिने फाइल उलटली. मागच्या वर्षीचा तसलाच कागद सापडला. त्यावर आकडा होता ४.०. म्हणजे लाल खूण ती हीच: चार मेगासायकल म्हणजे पंच्याहत्तर मीटर. जानकीचे वडील संस्थानच्या शाळेत मास्तर होते. पाढे आणि त्रैराशिक तिच्या अंगात मुरलेलं होतं. चाराला पंच्याहत्तर, तर चार पूर्णांक सहा दशांशाला किती? तिने कागदाच्या कडेला भराभर गणित मांडलं. सव्वाशहाऐंशी. घड्याळात दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. तिने काटा शहाऐंशीवर नेला.

सळसळ. थोडं पुढे, थोडं मागे. कुठेतरी लांब एक परकी भाषा, गाण्यासारखी, आणि पुन्हा सळसळ. पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. दिवा आणखी मंद झालासा वाटला.  कुणीतरी तिकडे आत्ता 'मोखाडा, मोखाडा' म्हणत असेल, आणि ती चुकीच्या दारापाशी कान लावून बसली होती.

साडेदहा झाले. तिने खटका बंद केला.

दार उघडून वळते तो समोर कचेरीतले अव्वल कारकून छत्री टेकून उभे.

"हे काय चाललंय, बाई?"

तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा हलला नाही.

"पोरांचं मला कळतं. पण परवाना नसताना बिनतारी यंत्राला हात लावणं हा गुन्हा आहे. बोललात तर नोंद होते तिकडे. भास्कररावांची नोकरी जाईल, आणि तुरुंग तुम्हाला होईल का त्यांना, ते साहेब ठरवतील. मी काही पाहिलं नाही असं धरतो. चार वाजता मात्र इथे कुलूप दिसलं पाहिजे."

ते निघून गेले. जानकी घराकडे चालत निघाली. कुणाला विचारावं? मास्तर गणपतीच्या सुट्टीला गावी गेलेले. ज्याला ठाऊक होतं तो दरडीपलीकडे.

घरी चंपा शेजारच्या गौरामावशीच्या मांडीवर पडलेली होती.

"खेळायला नको म्हणते," मावशी म्हणाल्या. "अंग कोमट लागतंय. भात पण गिळला नाही."

जानकीने पोरीच्या गळ्याला हात लावला. जबड्याखाली दोन्हीकडे सुपारीएवढ्या गाठी हाताला लागल्या. तिने तिला उचलून खिडकीशी नेलं, चमचा आणला.

"आ कर, चंपे."

"दुखतंय."

"एकदाच. आ कर."

आत घशात उजवीकडच्या गाठीवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. जानकीने चमचा काढला आणि पोरीचं तोंड पुसलं. ओरडावंसं वाटत होतं, पण पोर तिच्या तोंडाकडे बघत होती. ती म्हणाली, "काही नाही. मावशीजवळ नीज हं. मी आलेच." आणि बाहेर पडून ती बाजाराकडे निघाली. 

बाजाराच्या गल्लीत कांतीलालचं दुकान होतं. कापड, रॉकेल, मीठ, आणि गल्ल्याच्या मागे फळीवर त्याचा बॅटरीचा रेडिओ. गावातला एकुलता एक. जानकी तिथे का गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. मीटर हा शब्द तिने आयुष्यात दोनच ठिकाणी ऐकला होता, नवऱ्याच्या यंत्रापाशी आणि या दुकानाच्या पायरीवर.

"या, जानकीबेन. असा चेहरा का?"

"कांतीभाई, रेडिओ लावता? आत्ता?"

"आता काय लागणार? साडेबाराला सुरू होईल. दहा मिनिटं आहेत." त्याने तिच्याकडे पाहिलं, काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला. "बसा."

ती बसली नाही. साडेबाराला खरखर झाली, सनईसारखं काही वाजलं आणि मग त्या ओळखीच्या संथ आवाजाने सांगायला सुरुवात केली. हे बोलणं सगळ्या गावाने शेकडो वेळा ऐकलेलं. ते चालू असताना लोक तंबाखू मळत बसायचे. जानकीने श्वास रोखून ऐकलं. दोनशे चव्वेचाळीस मीटर, म्हणजे बाराशे तीस किलोसायकल्स. आणि बासष्ट मीटर, म्हणजे चार हजार आठशे चाळीस किलोसायकल्स.

"खडू द्या."

कांतीलालने गोणीवर खुणा करायचा खडू दिला. तिने दुकानाच्या फळीच्या दारावर दोन्ही जोड्या एकाखाली एक लिहिल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिली. दोनशे चव्वेचाळीसला बाराशे. बासष्टला जवळजवळ पाच हजार.

मीटर घटले, तर सायकल वाढले.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "हे व्यस्त आहे. मी समप्रमाणात केलं."

"काय?"

"कांतीभाई, माणसं वाढली की काम लवकर संपतं ना? तसं आहे हे. एक वाढलं की दुसरं कमी होतं. मी दोन्ही वाढवले." तिचा आवाज फाटला. "मी उलट्या बाजूला शोधत बसले होते."

व्यस्त त्रैराशिकात दोन्हींचा गुणाकार सारखा यायला हवा. तिने गुणायला घेतलं. दोनशे चव्वेचाळीस गुणिले बाराशे तीस: तीन लाख एकशेवीस. बासष्ट गुणिले चार हजार आठशे चाळीस: तीन लाख ऐंशी. अगदी सारखे नव्हते.  सारखे नाहीत म्हणजे चुकलंच का?

"अजून एखादं ठाऊक आहे? एखादं केंद्र? दोन्ही आकडे?"

"भाव ऐकतो ना मी रोज." कांतीलालने डोळे मिटले आणि निवेदकाच्या चालीवर म्हणून दाखवलं, "पाचशे पंचेचाळीस मीटर, पाचशे पन्नास किलोसायकल्स."

दोन लाख नव्व्याण्णव हजार सातशे पन्नास.

"तीन लाखच," जानकी म्हणाली. "बोलताना ते अपूर्णांक सोडून देत असतील. तीन लाखच आहे, नाही का?"

"मला काय कळतं, बेन. पण तीन वेळा तीन लाख आलं. धंद्यात एवढं मिळालं तर मी माल उचलतो."

आता मेगासायकल. लाल खूण पंच्याहत्तर, जुन्या कागदावर चार. पंच्याहत्तर चोक तीनशे. तीन लाख यायचे तर चाराचे चार हजार व्हायला हवेत. म्हणजे एक मेगा म्हणजे हजार किलो. चार पूर्णांक सहा म्हणजे चार हजार सहाशे. तिने तीन लाखाला भाग घातला. पासष्ट आले, वर थोडी बाकी. पासष्टच्या किंचित पुढे. सकाळी तिचा काटा तिथून वीस घरं लांब फिरत होता.

"जानकीबेन," ती पायरी उतरताना कांतीलाल म्हणाला, "मघाशी कारकूनसाहेब इकडून गेले. म्हणत होते, चारला तिकडे चक्कर मारणार."

ती थांबली. मग म्हणाली, "माझ्या चंपाला पण झालंय," आणि चालू लागली.

दुपार सरता सरेना. तिने चंपाला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करवल्या. दोनदा दवाखान्यात जाऊन आली. तिथे सुकरी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि गोदी तिच्या छातीवर उभी धरलेली. आडवी केली की तिला श्वास मिळत नव्हता. प्रत्येक श्वासाला पोरीच्या गळ्याखाली खड्डा पडायचा आणि शीळ घातल्यासारखा आवाज यायचा.

"बाय," सुकरी म्हणाली, "औषध येयाचा हाय ना?"

"येईल."

"कधी?"

 जानकीने गोदीच्या पायावरून हात फिरवला. पाय गार होते.

पावणेचारला मधु तिच्याबरोबर आला आणि वायरलेसच्या खोलीच्या दाराबाहेर बसला. "मी इथून हलत नाही," तो म्हणाला. "कुणी आलं तर आधी माझ्याशी बोलेल." तिने आतून कडी लावली.

तिने काटा पासष्टवर आणला. चार वाजायची वाट बघताना दिवा लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. हातातल्या घड्याळाची टिकटिक मोजत ती अंधाऱ्या यंत्रासमोर बसली. तीन लाख तीन वेळा आलं, हे तिने मनात किती वेळा म्हटलं याला गणती नव्हती. पण कागदावरचा तो आकडा तिने नीट वाचला होता ना? चार पूर्णांक सहाच ना? आणि केंद्रच आज बंद असलं तर?

चार. खटका. दिवा लागला, पण नुसती लाल तार दिसावी इतकाच.

सळसळ.

तिने काटा केसभर पुढे सरकवला. सळसळ. पुन्हा केसभर. बाहेर कुणाचातरी चढा आवाज आला, मधूचं खालच्या पट्टीतलं बोलणं आलं, दारावर थाप पडली. "बाई! दार उघडा!" तिने एका हाताने हेडफोन कानावर दाबला आणि डोळे मिटून दुसऱ्या हाताने काटा सांभाळत अगदी हळू, अगदी हळू तो आणखी पुढे नेला.

"...ळा, वाडा नोंद झाली. मोखाडा, मोखाडा. सकाळी जवाब नाही. मोखाडा, ऐकू येतंय का? ओव्हर."

ती इतकी दचकली की काटा हलला आणि आवाज गेला.  तिने बोटाने काटा परत आणला, आवाज आला, आणि तिने बोलायचा खटका दाबला.

"मोखाडा बोलतंय. मोखाडा."

तिने ऐकायचा खटका दाबला. मग, "कोण बोलतंय? ऑपरेटर कुठे आहे? ओव्हर."

दारावर पुन्हा थाप पडली. खोटं बोलावं का? भास्कर आजारी आहे म्हणावं?  दिव्याची तार अंधुक होत होती. तिने पुन्हा बोलायचा खटका दाबला.

"ऑपरेटर जव्हारला अडकलेत. घाट बंद आहे. मी त्यांची बायको, जानकी. मुलांना घटसर्प झालाय. सहा मुलं." ती थांबली. "नाही, सात. सिरम नाही. सिरम पाहिजे. त्र्यंबकच्या वाटेने, जव्हारकडून नको. घटसर्पाचं सिरम, सात मुलं, त्र्यंबकच्या..."

दिवा विझला.

तिने खटका सोडला, पुन्हा दाबला, ऐकायचा दाबला. काही नाही. सळसळसुद्धा नाही. यंत्र लाकडाच्या पेटीसारखं गप्प झालं. किती ऐकलं असेल त्यांनी? 'ऑपरेटर अडकलेत' एवढंच? का सगळं? का काहीच नाही?

तिने कडी काढली. कारकून दारात होते, मागे मधु. ती म्हणाली, "मी बोलले. काय लिहायचं ते लिहा."  कारकुनांनी कुलूप उचललं, दाराला लावलं आणि किल्ली तिच्याच हातात दिली.

त्या रात्रीबद्दल जानकी पुढे कधी बोलली नाही. चंपाच्या नाकापाशी हात धरून ती उजाडेपर्यंत बसली होती, एवढं गौरामावशी सांगायच्या.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला गोदी गेली. सुकरी ओरडली नाही. पोरीला तशीच उभी धरून ती बराच वेळ बसून राहिली, आणि मधूने हात पुढे केला तेव्हा म्हणाली, "आता निजव तिला. आता निजंल ती."

आणि दुपारी तीनला त्र्यंबकच्या बाजूने घाट उतरून चिखलाने माखलेली पाच माणसं आली. एक तरुण डॉक्टर, डोक्यावर पेटी घेतलेले तिघे, आणि त्यांना वाट दाखवत परत फिरलेला रघु. तो अजून घाटमाथ्यालाही पोचला नव्हता, तेव्हा समोरून ही मंडळी दिसली. नाशिकहून सोमवारी संध्याकाळीच गाडी सुटली होती. निरोप पोचला होता. 'त्र्यंबकच्या' इथपर्यंत पोचला होता.

पाचही मुलं वाचली. चंपा सहावी. तिला सुई टोचली तेव्हा ती रडली, आणि तो बसलेला घोगरा आवाज ऐकून जानकीला पहिल्यांदा रडू आलं.

भास्कर गुरुवारी दरड ओलांडून पायी आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, मी तुला सांगितलं असतं तर तुझे सहा तास वाचले असते. एक ओळ लिहून ठेवली असती तरी." हे सहा तास जानकीने आधीच मोजले होते. सकाळी सव्वादहा ते दुपारी चार. मंगळवारी नऊ ते तीन. तेही सहाच.

आश्विनात चौकशीचे साहेब आले. वायरलेसच्या खोलीत टेबलापाशी बसून त्यांनी भास्करचा जबाब घेतला, मग तिला बोलावलं. तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. तुरुंगाचं भय अजून गेलेलं नव्हतं.

"नवी जागा तुम्हाला कुणी सांगितली?"

"कुणी नाही. गणित केलं."

"करून दाखवा."

तिने कागदावर तीन जोड्या लिहिल्या, गुणाकार मांडले, भागाकार मांडला. साहेब वाकून बघत होते. त्यांनी तीन लाखाखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"हे तीन लाख कसले आहेत, माहीत आहे?"

"नाही."

"या लाटा एका सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. सेकंदाला किती लाटा निघतात ते सायकल, आणि एकेक लाट किती लांब ते मीटर. लाटा जास्त तर एकेकीची लांबी कमी. उजेडही याच वेगाने जातो." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहातले चार जण तुमच्यासारखंच आधी शहाऐंशी काढतात, बाई."

भास्करला लेखी ताकीद मिळाली. जानकीला काहीच झालं नाही; अहवालात तिचं नाव 'ऑपरेटरची पत्नी' एवढंच आलं. शाबासकी नाही, शिक्षा नाही. तुरुंगाचं भय गेलं. पण त्याच्याखाली एक दुसरं भय होतं, ते उघडं पडलं. सुकरी बाजाराला येईल याचं.

गोदी गेल्यावर चार गुरुवार सुकरी आली नाही. पाचव्या गुरुवारी जानकी चंपाला वाटीने दूध पाजत होती, आणि ते पुन्हा नाकातून बाहेर आलं. असं आठवडाभर चाललं होतं. आजार गेला तरी पोरीचा घसा लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, महिना-दोन महिन्यांत येईल ताळ्यावर. जानकी पोरीचं तोंड पुसत होती, आणि मान वर केली तर दारात सुकरी.

जानकी उठली. बसायला सांगायचं सुचेना. तोंडून एकदम निघून गेलं, "सुकरी, मी सकाळी चुकले. काटा उलट्या बाजूला लावला. सकाळीच बरोबर लावला असता तर औषध सकाळी आलं असतं. गोदी..."

सुकरीने ऐकलं. काट्याचं तिला काही कळलं नसावं. ती उंबऱ्याशी बसली.

"त्यात बोललीस तवा गोदीचा नाव घेतलास?"

"नाही. कुणाचंच घेतलं नाही. सात मुलं म्हटलं."

"सात म्हंजे ही पण?" तिने चंपाकडे बोट केलं.

"हो."

 जानकी उभीच होती. मग सुकरीने मान हलवली, चंपापुढची दुधाची वाटी उचलली, हुंगली आणि बाजूला ठेवली.

"पातळ नको देऊस. पातळ नाकात चढतं. पोशेऱ्यातल्या पोरांना पण असाच झाला. नाचणीचा पीठ हाय?"

"आहे."

"दाट शिजव. चमचा उभा ऱ्हायला पायजे."

जानकी चुलीशी गेली. पाणी तापत ठेवताना तिला मागून सुकरीचा आवाज ऐकू येत होता. ती चंपाला विचारत होती, मान कशी धरलीस की गिळायला बरं वाटतं. आणि चंपा नाकातल्या नाकात, कुणाला नीट न कळणाऱ्या आवाजात, तिला सांगत होती.